सोबत येणार की नाही

अर्ज भरायचं काम माझ्याकडे आलं, यात घरात कुणाला काही वावगं वाटलं नाही. गेली सव्वीस वर्षं मी पाणीपुरवठा खात्याच्या अभिलेख कक्षात आहे. शहरातल्या कुठल्याही नळाचा कागद मागा, चार मिनिटांत काढून देतो. कुणाच्या आजोबांनी अर्ध्या इंचाची जोडणी मंजूर करून घेऊन पाऊण इंचाचा पाइप टाकला, हेही मला ठाऊक आहे, पण मी ते बोलत नाही. त्यामुळे मुलीने एका संध्याकाळी मोबाइल पुढे धरून सांगितलं, की परदेशात कायमचं राहायला जाण्याची एक योजना निघाली आहे आणि एकाच अर्जात सगळं कुटुंब जाऊ शकतं, तेव्हा मी एवढंच विचारलं, की अर्ज किती पानी आहे. ती म्हणाली, चौतीस. मला बरं वाटलं. दोन पानी अर्ज कुणीही भरतो. चौतीस पानांत माणसाचं कसब दिसतं.

जायचं की नाही, यावर आमच्यात फारशी चर्चा झाली नाही. मुलीला तिकडे शिकायचं होतं, बायकोला मुलीला सोडून राहायचं नव्हतं आणि मला अर्ज भरायचा होता. अडचण एकच होती. मुलीला बावीस पूर्ण व्हायच्या आत अर्ज दाखल झाला, तर ती आमच्या अर्जात. एक दिवस जरी उशीर झाला तरी ती स्वतंत्र व्यक्ती ठरणार, आणि स्वतंत्र व्यक्ती म्हणून तिला तिकडे कुणी दारात उभं करणार नव्हतं. वाढदिवसाला साडेचार महिने होते. तेवढ्या वेळात आमच्या खात्यातसुद्धा एखाद्या नळाला पाणी येतं. मी निर्धास्त होतो.

आधी गुण मोजायचे होते. वय, शिक्षण, भाषा, व्यवसाय असे सगळे मिळून पासष्ट गुण झाले तर पुढे जायचं. एक्कावन्न वर्षांच्या माणसाला वयाचे किती गुण, तर शून्य. हे मी सोसलं. व्यवसायाची मात्र यादी होती. त्या देशाला ज्यांची गरज आहे असे लोक तीत होते: लिफ्ट दुरुस्त करणारे, मधमाश्या पाळणारे, झाडांचे शेंडे छाटणारे. अभिलेखपाल नव्हते. मी यादी वरून खाली वाचली, मग खालून वर वाचली. मुलीला विचारलं, ही जुनी यादी तर नाही ना. मधमाश्यांचे कागद तिकडे कोण सांभाळतं, असंही विचारलं. माझे गुण अडतीस झाले. मुलीने मग आईची माहिती भरली आणि एकाहत्तर गुण झाले.

माझी बायको दातांच्या लॅबमध्ये कवळ्या बनवते. दातांचे डॉक्टर पेशंटच्या तोंडाचं माप पाठवतात, त्यावरून ही प्लास्टरचा साचा ओतते, मेणात एकेक दात बसवते, घासते, चमकवते. अठरा वर्षं हे काम करते आहे. नखांत कायम थोडं प्लास्टर असतं. माणूस समोर आला की ती त्याच्या तोंडाकडे बघते आणि त्याच खुणेने त्याला लक्षात ठेवते. लांबच्या नातेवाइकांचा विषय निघाला की म्हणते, "ते हो, वरचे पुढचे दोन तिरके." संध्याकाळी मी तिला लॅबमधून घेऊन घरी येतो. लॅब माझ्या वाटेतच पडते, बाकी त्यात काही विशेष नाही. तर या कामाची तिकडे इतकी टंचाई होती, की कवळी बनवणारे यादीत तिसऱ्या क्रमांकावर होते.

"म्हणजे मुख्य अर्जदार आई," मुलगी म्हणाली. "बाबा, तुम्ही आश्रित."

घरातल्या प्रत्येक कागदावर कुटुंबप्रमुख म्हणून माझं नाव आहे. विजेचं बिल, घरभाड्याचा करार, टेलिफोन, सगळ्यावर. आश्रित हा शब्द मी आजवर फक्त दुसऱ्यांच्या फायलींत वाचला होता. मी शांतपणे म्हणालो, "मग व्हा तुम्ही दोघी पुढे. माझं मी बघतो नंतर."

अशा वाक्यानंतर पुढे काय व्हायचं असतं, हे संसारी माणसाला सांगायला नको. समोरच्याने म्हणायचं असतं, की असं काय बोलता, तुमच्याशिवाय कसं होईल. मग आपण थोडे आढेवेढे घ्यायचे. बायको "बरं" म्हणाली आणि आत गेली. मुलीने उत्साहाने सांगितलं, की तशी सोयच आहे. अर्जात घरातल्या प्रत्येकासमोर एक रकाना आहे, "सोबत येणार" किंवा "सोबत येणार नाही". नाव मात्र दोन्हीकडच्यांचं द्यावं लागतं. ज्याचं नावच दिलं नाही त्याला तो देश जन्मात ओळख दाखवत नाही. ज्याच्यापुढे "येणार नाही" लिहिलं, त्याने पुढे कधीतरी स्वतःचा वेगळा अर्ज करायचा. सहा-सात वर्षं लागतात. आणि हा रकाना मुख्य अर्जदाराने स्वहस्ते भरायचा, अशी तळटीप होती. म्हणजे माझं काय करायचं, ते बायकोच्या पेनात होतं. चूक दुरुस्त करायला माझ्याकडे एक वाक्य पुरलं असतं. पण शब्द मागे घ्यायची आमच्या खात्यात पद्धत नाही.

मी अर्ज भरायला बसलो. तीन रविवार लागले. एका अक्षरावर खाडाखोड नव्हती. मुलगी म्हणत होती, मला एकदा बघू द्या, पण शाई वाळेपर्यंत मी कुणाला हात लावू दिला नाही आणि मग थेट पाकिटात घातला. चोवीस दिवसांनी अर्ज परत आला. सोबत चिठ्ठी होती, तिचा मजकूर मला अजून पाठ आहे: "अर्जदार व आश्रित ही एकच व्यक्ती दिसते. स्वतःवर अवलंबून असलेल्या व्यक्तीस आश्रित मानता येत नाही. शिवाय अर्जदार कवळ्या बनवतो असे नमूद असून अनुभवपत्र पाणीपुरवठा खात्याचे जोडले आहे."

झालं होतं ते असं, की अर्जाची पहिली ओळ दिसली की माझा हात आपोआप माझं नाव लिहितो. सव्वीस वर्षांची सवय. पुढे आश्रित जोडीदार आला तिथेही, आश्रित मी हे डोक्यात पक्कं बसवलेलं असल्यामुळे, मी माझंच नाव लिहिलं होतं. बायकोचं नाव चौतीस पानांत एकदाच होतं, मुलीची आई म्हणून. तिने भरायचे रकाने तर तसेच कोरे गेले होते. मुलीने चिठ्ठी वाचून दाखवली आणि दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. मी म्हटलं, निदान अक्षराला तरी त्यांनी नाव ठेवलेलं नाही.

दुसरा अर्ज मुलीने भरला. मला फक्त पानांना क्रमांक घालायला दिलं. शेवटी रकान्यांसाठी बायकोला बोलावलं. तिने चष्मा लावला, मुलीच्या नावापुढे "सोबत येणार" वर खूण केली. माझ्या नावापाशी पेन आलं, थोडं थांबलं आणि तिने टोपण लावलं. दूध उतू जाईल म्हणाली आणि उठली. मी नंतर स्वयंपाकघरात जाऊन बघितलं. गॅसवर दूध नव्हतं.

त्या दिवसापासून तो रकाना कोरा राहिला आणि आम्ही दोघांनीही त्याचा विषय काढला नाही. मी विचारणार नव्हतो. विचारायचं असतं तर तिने विचारायचं, कारण मुख्य अर्जदार ती होती.

आता पुराव्यांची पाळी आली, आणि पुरावे म्हटल्यावर अनुभवी वर आले. अनुभवी म्हणजे आमच्या खालच्या मजल्यावरचे निवृत्त विमा अधिकारी. त्यांचं प्रत्येक वाक्य "माझ्या अनुभवाने सांगतो" असं सुरू होतं म्हणून हे नाव पडलं. ते एकदा पुतण्याकडे अकरा दिवस परदेशात राहून आले होते. त्यातले नऊ दिवस ताप होता. पण उंटावरून शेळ्या हाकायला तेवढा अनुभव पुरतो. त्यांनी सांगितलं, की तिकडच्या लोकांना खोट्या लग्नांचा फार राग आहे. नवरा-बायकोला ते वेगवेगळ्या खोल्यांत बसवतात आणि एकमेकांबद्दल विचारतात. कोण कुठल्या कुशीवर झोपतं, दात घासायचा ब्रश कुठल्या रंगाचा. उत्तरं जुळली नाहीत की सगळं कुटुंब बाद. जाताना त्यांनी विचारलं, की अर्जात एखादा पुतण्या बसत असेल तर आपला धाकटा आहे, स्वभावाने शांत आहे.

मुलीने आमची रंगीत तालीम घ्यायची ठरवली. वीस प्रश्न काढले. आधी आईला माझ्याबद्दल विचारलं. बायको मटार सोलता सोलता सांगत गेली. माझी उजवी खालची दाढ अर्धी तुटलेली आहे. झोपेत दात खातो, पण फक्त डाव्या कुशीवर असताना. चिडलो की चष्मा पुसतो. खोटं बोललो की घसा खाकरतो. वीसपैकी वीस.

मग माझी पाळी आली. ब्रशचा रंग मी निळा सांगितला. निळा माझा निघाला. चहात साखर किती, तर एक चमचा, हे मी ठामपणे सांगितलं, कारण सकाळचा चहा मीच करतो. मुलगी म्हणाली, आईने चार वर्षांपूर्वीच साखर सोडली आहे. मी बायकोकडे बघितलं.

"सोडली आहे," ती म्हणाली. "सकाळचा तेवढा पिते. तुम्ही घातलेली असते."

मला वीसपैकी तीन मिळाले. त्यातले दोन मुलीबद्दलच्या प्रश्नांचे होते.

हे सगळं बघून मुलीने सल्लागार गाठला. झेरॉक्सच्या दुकानावर त्याचं ऑफिस होतं. खाली यंत्र सुरू झालं की वर टेबल थरथरायचं. सल्लागार पंचविशीचा, दोन मोबाइल, आणि समोर बसलेल्या प्रत्येकाला तो "केस" म्हणायचा. त्याने बायकोची कागदपत्रं पाहून मान डोलावली. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "केस कच्ची आहे ती इथे. तुम्ही यांचे मिस्टर आहात, हे कशावरून?"

मी म्हटलं, तेवीस वर्षं झाली. तो म्हणाला, वर्षं नकोत, कागद दाखवा. दोघं एका घरात राहतात हे दिसलं पाहिजे. विजेचं बिल माझं, करार माझा, टेलिफोन माझा. कागदोपत्री त्या घरात मी एकटाच राहत होतो. माझी बायको कुठे राहत होती, याची सरकारदरबारी काही नोंदच नव्हती. आयुष्यभर सगळं आपल्या नावावर ठेवण्यात मी जी दक्षता घेतली, ती अशी अंगाशी आली.

फोटो आणा, तो म्हणाला. घरी येऊन आम्ही पलंगाखालची पेटी काढली. फोटो तीनशे चाळीस निघाले. बायको बागेत, बायको आणि मुलगी समुद्रावर, मुलगी सायकलवर, बायको सायकल धरून. मी एकाही फोटोत नव्हतो, कारण सगळे मीच काढले होते. कॅमेरा मी कुणाच्या हातात देत नाही. दुसऱ्याने काढला की प्रकाश चुकतो. लग्नाचा एकच मोठा फोटो होता, एकेचाळीस माणसांचा. त्यात बायकोशेजारची जागा रिकामी आहे आणि पुढच्या बाजूला एका माणसाची पाठ दिसते. दिवा जरा डावीकडे घ्या, असं फोटोग्राफरला सांगायला मी तेवढ्यात पुढे गेलो होतो.

अकरा फोटोंत मात्र कोपऱ्यात माझा अंगठा आला होता. मी ते अकरा बाजूला काढले. तेवीस वर्षांचा पुरावा म्हणून अंगठा चालेल का, असं सल्लागाराला विचारलं. तो बराच वेळ खाली चाललेल्या यंत्राचा आवाज ऐकत बसला.

मग तो म्हणाला, मोबाइलवरचे संदेश छापून आणा, नवरा-बायकोतलं प्रेम त्यात चटकन दिसतं. आम्ही छापून नेले. "दूध." "आणलं." "किती वाजता?" "आठ." "गोळ्या संपल्या." "कुठल्या?" "गुडघ्याच्या." असे सहा वर्षांचे एकशे बारा पानं संदेश. आणखी पंचाईत म्हणजे, माझा नंबर तिच्या मोबाइलमध्ये "अहो" या नावाने आहे आणि तिचा माझ्याकडे "घर" या नावाने. नावाने आम्ही एकमेकांना कधी हाकच मारली नाही, तर लिहिणार कुठून? कागदावर बघणाऱ्याला वाटावं, की अहो नावाचा एक गृहस्थ एका इमारतीला दूध पोचवतो.

सल्लागार म्हणाला, काका, निदान इथून पुढे तरी दोन गोड शब्द पाठवत चला. त्या संध्याकाळी मी बाहेरच्या खोलीत बसून तिला संदेश पाठवला, "कशी आहेस?" आतून मोबाइल वाजल्याचं ऐकू आलं. दुसऱ्या क्षणी ती ओल्या हातांनी धावत बाहेर आली आणि माझ्या छातीवर हात ठेवून विचारू लागली, दुखतंय का, कुठे दुखतंय, पाणी देऊ का. खरं कारण सांगितल्यावर ती खुर्चीत बसली. ओले हात पदराला पुसले. मग म्हणाली, असलं काही पुन्हा पाठवू नका. गोड शब्दांचा मार्ग तिथेच बंद झाला.

वाढदिवस एकवीस दिवसांवर आला होता. आणि अशा वेळी मला ऑफिसात, कपाट क्रमांक नऊसमोर उभं असताना सुचलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा. दर दोन महिन्यांनी आमच्या घरी पाण्याचा मीटर वाचायला खात्याचा माणूस येतो. वाचन झालं की चिठ्ठीवर घरातल्या व्यक्तीची सही घेतो. तो येतो सकाळी अकराला. अकराला मी ऑफिसात असतो, बायको लॅबला निघायच्या तयारीत. म्हणजे आमच्या घराच्या फायलीत एकोणीस वर्षांच्या चिठ्ठ्या होत्या, आणि प्रत्येकीवर तिची सही होती. मी फाइल काढली. साडेतीन मिनिटं लागली. एकशे चौदा सह्या निघाल्या. "ग्राहक" म्हणून वर माझं नाव, "घरातील व्यक्ती" म्हणून खाली तिचं, त्याच पत्त्यावर. माझ्याच कपाटात, माझ्याच हाताने लावलेल्या. मी त्या एकेक बघत गेलो. आधीच्या सह्या गोल आणि सावकाश, अलीकडच्या घाईतल्या. दोनतीन चिठ्ठ्यांवर प्लास्टरची बोटं उमटली होती.

संध्याकाळी घरी सांगितलं तेव्हा मुलगी आनंदाने उठून उभी राहिली आणि म्हणाली, मग आणल्या कुठे आहेत? मी तिला समजावलं, की अभिलेख कक्षातून कागदाची प्रत अशी खिशात घालून आणता येत नाही. त्यासाठी ग्राहकाचा अर्ज लागतो. तो मी केला होता. अर्ज अभिलेखपालाकडे जातो. तो मला मिळाला होता. त्यावर सात दिवसांत निर्णय घ्यायचा असतो.

"बाबा," मुलगी म्हणाली, "तुम्ही तुम्हालाच सात दिवस थांबवणार?"

मी म्हटलं, ओळखीच्या माणसाला आधी प्रत दिली असं उद्या कुणी म्हणायला नको. सातव्या दिवशी अर्ज तपासताना माझ्या लक्षात आलं, की मी ओळखपत्राची प्रत जोडायला विसरलो होतो. तो परत करण्यावाचून गत्यंतर नव्हतं. मी मला तसं लेखी कळवलं. आणखी सात दिवस गेले. या पंधरवड्यात घरात माझ्याशी जे बोलणं झालं ते बहुतेक मिठाच्या डबीपुरतं होतं. मला सगळं कळत होतं. पण नियम बाजूला ठेवला असता, तर मग त्या सव्वीस वर्षांतलं माझ्याजवळ राहिलं काय असतं, हे मला कुणाला नीट सांगता येईना.

प्रती हाती आल्या तेव्हा वाढदिवसाला सहा दिवस होते. आता फक्त संबंधाचं निवेदन उरलं. मुख्य अर्जदाराने आपल्या जोडीदाराबद्दल एक पान स्वतःच्या शब्दांत लिहायचं. बायकोने ते लॅबमधल्या जेवणाच्या सुट्टीत लिहिलं आणि पाकीट बंद करून आणलं. मी म्हटलं, एकदा शुद्धलेखन बघतो. ती नको म्हणाली. रकाना अजून कोराच होता. हत्ती गेला होता आणि शेपूट राहिलं होतं, आणि ते शेपूट मी होतो.

वाढदिवसाच्या आदल्या दिवशी आम्ही तिघं अर्ज दाखल करायला गेलो. लांबलचक हॉल, भिंतीला लागून प्लास्टिकच्या खुर्च्या, काचेच्या सात खिडक्या. आमचा नंबर चौथ्या खिडकीवर आला. आतल्या बाईंचा चष्मा साखळीला लटकवलेला होता. त्यांनी पानं उलटायला सुरुवात केली. बायको काचेतून त्यांच्या तोंडाकडे बघत होती आणि मला हळूच म्हणाली, खालची कवळी सैल आहे हो बिचारीची.

मीटरच्या चिठ्ठ्या बाईंनी दोनदा बघितल्या. असला पुरावा आपण पहिल्यांदाच बघतो म्हणाल्या, पण चालेल म्हणाल्या. मुलीची जन्मतारीख बघून भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. मग त्यांचं बोट थांबलं. जोडीदाराचा रकाना कोरा आहे, असा अर्ज घेता येत नाही. मुलीने माझ्याकडे बघितलं, मग आईकडे. तिचा चेहरा उतरला होता.

बाईंनी पाकीट फोडून निवेदन काढलं. म्हणाल्या, यावर जोडीदाराची सही राहिली आहे. वाचून "मान्य" असं लिहा. कागद काचेखालून माझ्याकडे आला. बायकोचं बारीक अक्षर. शुद्धलेखनाच्या सहा चुका होत्या.

"हे माझे पती. यांच्याबरोबर मी तेवीस वर्षं राहते. यांची एक दाढ तुटली आहे, ती काढायला ते घाबरतात. रात्री गॅस बंद आहे का ते दोनदा उठून बघतात. तो मी बंद केलेला असतो, हे त्यांना माहीत असतं. मी लॅबच्या कामाला लागले, तेव्हा लोकांच्या तोंडातलं काम म्हणून घरात कुणाला ते आवडलं नव्हतं. हे काही बोलले नाहीत. पहिल्या दिवशी संध्याकाळी लॅबच्या दारात येऊन उभे राहिले आणि म्हणाले, वाटेतच होतं. अठरा वर्षं झाली, रोज तसंच म्हणतात. यांचं ऑफिस घराच्या पूर्वेला आहे आणि लॅब पश्चिमेला. दोन बस बदलाव्या लागतात. मी कधी विचारलं नाही. विचारलं तर ओशाळतील आणि यायचे बंद होतील. सोबत येणार की नाही, ते त्यांनी मला सांगितलेलं नाही. दोघी पुढे व्हा म्हणाले आहेत. त्यांच्या मनाविरुद्ध त्यांना न्यायचं नाही आणि त्यांना मागे ठेवून जायला माझा हात होत नाही. म्हणून रकाना कोरा आहे."

मी चष्मा काढून पुसला. तो स्वच्छ होता. रांगेतला मागचा माणूस विचारत होता, अजून किती वेळ लागेल. बाईंनी काचेवर पेन वाजवलं आणि म्हणाल्या, "साहेब, मला फक्त एवढंच सांगा. तुम्ही सोबत येणार आहात का?"

मी घसा खाकरला. बायकोने चटकन माझ्याकडे बघितलं.

"येतो," मी म्हणालो. "वाटेतच आहे."

कुठल्या वाटेत, असं बाई विचारत होत्या. पण बायकोने तोवर अर्ज ओढून घेतला होता आणि रकान्यात खूण केली होती, चांगली ठसठशीत, कागदाच्या मागे उमटेल अशी. निवेदनाखाली मी "मान्य" लिहून सही केली. चुका तशाच राहू दिल्या. शिक्का बसला. मुख्य अर्जदार एक, आश्रित दोन. मुलीने खुर्चीवर बसून तोंड ओंजळीत धरलं.

बाईंनी पावती देताना सांगितलं, की अर्ज आजच्या तारखेला धरला आहे, पण नवरा-बायकोचा एकत्र असा एक तरी फोटो उद्यापर्यंत आणून द्या. तेव्हा आम्ही बाहेर पायऱ्यांवर उभे राहिलो आणि मुलीने मोबाइल काढला. मी तिला ऊन कुठून येतंय ते सांगू लागलो. ती म्हणाली, बाबा, गप्प उभे राहा. मी गप्प उभा राहिलो. बायको शेजारी होती. कुठे बघायचं ते तिला कळत नव्हतं, म्हणून ती माझ्या दाढेकडे बघत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी बिनसाखरेचा चहा केला आणि मग फोटो खिडकीत नेऊन दिला. बाईंनी चष्मा लावून तो नीट पाहिला आणि कोपऱ्यात हे गुलाबी काय आलंय, असं विचारलं.

मी सांगितलं, ती आमची मुलगी.